पाटी अलीकडे, घर पलीकडे

बर्फाच्या ढिगात पहार खुपसून मर्लनं जोर लावला आणि पाटीचा अर्धा तुकडा चिखलासकट वर आला. ओतीव धातूची जड पाटी, हिरवा रंग, त्यावर सोनेरी अक्षरं. बर्फ हटवणाऱ्या गाडीनं जाता जाता तिचे मधोमध दोन तुकडे केले होते. हिवाळाभर ढिगाखाली काय आहे ते कोण बघतंय? आता एप्रिलमध्ये ढीग खचला, तेव्हा कळलं.

"गेली बघ," मर्ल म्हणाला. "झाली तुझी इच्छा पुरी."

"माझी कसली इच्छा?" त्याची बायको हेस्टर पायरीवरून म्हणाली.

"चार वर्षं रोज सकाळी तू हिच्याकडे ज्या नजरेनं बघतेस ना, त्यानं अर्धी चीर आधीच पडली असणार. गाडीचं फक्त निमित्त."

"पुरे झालं. ती चिखलात टाकू नकोस, भिंतीला टेकवून ठेव. नाहीतर ओहायोवाली म्हणेल, मीच फोडली."

मर्लनं तुकडा पँटीला पुसला, हातात उभा धरला आणि चर्चमध्ये वाचतात तशा आवाजात वाचू लागला, "रस्त्यापलीकडे, थेअर घर. बांधणी, सन सतराशे अडुसष्ट. सन सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंग्रज फौजेचा एक अधिकारी या घरात शिरला आणि घरधनी सापडला नाही म्हणून रागाच्या भरात..." इथे तुकडा संपत होता.

"जिन्याच्या कठड्यावर तलवारीचा घाव घातला. पुढचं पाठ आहे मला," हेस्टर म्हणाली आणि आत निघून गेली.

पाठ नसेल तर काय? थेअर घर तिचं माहेर. रस्त्याच्या पलीकडे, त्या उंच धुराड्याच्या घरात ती जन्मली, तिथंच वाढली, आणि लग्न होऊन इतकी लांब आली की रस्ता ओलांडायला चिखलाचे दिवस सोडले तर अर्धं मिनिटही लागत नाही. वडिलांनी घर वेंडलच्या नावे केलं. तो धाकटा असला तरी मुलगा होता. हेस्टर त्यावर एक अक्षर बोलली नाही. भावाचं घर ते आपलंच घर, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि वेंडल होता तोवर ते खरंही होतं. मागच्या दारानं न विचारता आत जायचं, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघायचं. मग वेंडल गेला आणि घर त्याच्या ओहायोहून आलेल्या बायकोचं, डोरीनचं झालं. आयत्या बिळावर नागोबा, असं हेस्टर मनातल्या मनात म्हणे. मर्लसमोर ती उघडही म्हणे.

आणि वर ही पाटी. वेंडलला जाऊन वर्ष व्हायच्या आत डोरीननं राज्याच्या कचेरीत खेटे घालून ती मिळवली. पण थेअर घरापुढे जुना दगडी गडगा, त्याला लागून ओढा. खांब रोवायला जागा नाही. रस्तेवाल्यांनी आपलं सोयीचं पाहिलं आणि पाटी हेस्टरच्या अंगणाच्या कडेला ठोकली. वर लिहिलं, रस्त्यापलीकडे.

तेव्हापासून गाड्या हेस्टरच्या दारात थांबायच्या. माणसं उतरायची, तिच्या हिरवळीवर उभी राहायची, पाटी वाचायची, अरे वा म्हणायची आणि वळून तिच्या घराकडे पाठ करायची. कॉबांचं, म्हणजे हेस्टरच्या सासरचं, घरही काही कालपरवाचं नव्हतं. थेअर घराहून फार तर पंधरा-वीस वर्षांनी धाकटं, तेच चौकोनी दगड, तशाच बारीक काचांच्या खिडक्या. पण एकानं कधी मान वळवून विचारलं नाही की बाई, हे घर कुणाचं? हेस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत असे आणि समोर पाठीच पाठी. रेनकोटातल्या, स्वेटरातल्या, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा घातलेल्या. एकदा तर एका जोडप्यानं तिलाच हाक मारली आणि ते घर मागे येईल असा आमचा फोटो काढाल का, म्हणून कॅमेरा हातात दिला. तिनं काढला. पण असा काढला, की दोघं आली, गडगा आला, घराचं छप्पर आणि धुराडं मात्र चौकटीबाहेर. त्या दिवशी तिला छान झोप लागली.

डोरीन तिकडे दारात एप्रन लावून उभी. लोकांना आत बोलवायची, गरम डोनट द्यायची, जिना दाखवायची. "आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगतात," असं म्हणायची. वारा इकडचा असला की ते 'आमच्या' हेस्टरच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचं आणि तिच्या हातातली सुरी बटाट्यात जरा जास्तच खोल जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीनचा फोन आला.

"हेस्टर, पाटी तुटली ना गं?"

"तुटली. गाडीनं. मर्ल साक्षीला आहे."

"तुझ्यावर कुठे आळ घेतेय मी! ऐक. कचेरीत बोलले मी. नवी ओतायची तर आता नियम बदललेत म्हणे. नुसत्या ऐकीव गोष्टी घालत नाहीत. कागद दाखवा, नाहीतर त्या घरात जन्मलेल्या माणसानं समोर सांगायला हवं की होय, ही गोष्ट खरीच चालत आलीय." डोरीन थांबली. "आमचा डेनिस झाला दवाखान्यात. त्या घरात जन्मलेली तू एकटीच उरलीस."

हेस्टरनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पाटी नाही. नुसत्या जुन्या घरांना पाट्या देत बसलो तर रस्ते पुरायचे नाहीत, म्हणाला तो. त्यांचा माणूस आज दुपारी येतोय. येशील?"

"येईन की," हेस्टर म्हणाली. "न यायला काय झालं?"

फोन ठेवून तिनं कपाटातून चांगले बूट काढले आणि पुसायला बसली. बूट स्वच्छच होते. मर्ल पाकाच्या खोपटाकडे निघाला होता, मेपलचा या मोसमातला शेवटचा पाक आटत होता. तो दारात थबकला.

"आज बूट? रविवार नाही, कुणी मेलेलंही नाही."

"साक्ष द्यायचीय मला."

"काय सांगणार?"

"खरं तेच सांगणार," हेस्टर म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं दुसरा बूटही परत एकदा पुसला.

कारण खरं काय ते तिला माहीत होतं, आणि जगात तिला एकटीलाच माहीत होतं. कुठला अधिकारी आणि कुठली तलवार! कठड्यावरचा तो घाव वेंडलनं घातला होता, सात वर्षांचा असताना, सरपण फोडायच्या हातकुऱ्हाडीनं, आपल्या डावखुऱ्या हातानं. वडील हिवाळाभर जंगलात लाकूडतोडीला गेलेले. परत आल्यावर ते काय करतील, या भीतीनं वेंडलला तापच भरला. तेव्हा आजोबांनी चुलीची काजळी डुकराच्या चरबीत कालवली आणि ताज्या पांढऱ्या घावात बोटानं चोळली, रोज थोडी थोडी, लाकूड जुनं दिसेपर्यंत. वसंतात वडील आले, जिना चढताना त्यांचा हात कठड्यावर अडला. हे कधी झालं, त्यांनी विचारलं. आजोबा पाइप भरत म्हणाले, "हे? हे तर इंग्रजांच्या वेळचं. तुझं घराकडे लक्ष होतं कधी?" आणि त्यांनी तिथल्या तिथे तो अधिकारी रचला, त्याचा लाल कोट, त्याचा राग, सगळं. वडिलांनी मान डोलावली. पुढे तेच पाहुण्यांना सांगू लागले.

त्या रात्री आजोबांनी दोघांना गोठ्यात नेऊन वचन घेतलं होतं. तिघांतलं तिघांत. हेस्टरनं ते वचन इतकं सांभाळलं, की नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. घर वेंडलला गेलं, घड्याळ गेलं, आईची चांदी गेली. हे एक तिच्याकडे राहिलं होतं. आणि आज ते कामाला येणार होतं. एक वाक्य बोलायचं, की संपली पाटी. मग कशाला कोण थांबतंय तिच्या दारात?

कचेरीचा माणूस, पेल्की त्याचं नाव, सभ्य निघाला. चिखलाचे बूट त्यानं दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर घरभर हिंडला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तो पाय तो सारखा दुसऱ्यामागे लपवत होता. डोरीननं त्याला डोनट दिला. हेस्टरलाही दिला.

"नको," हेस्टर म्हणाली. "आमच्याकडे आईच्या कृतीचे असतात. त्यात जायफळ जास्त असतं."

"हे पण आईच्याच कृतीचे आहेत," डोरीन म्हणाली. "वेंडलनं सांगितली होती."

हेस्टरनं तुकडा मोडून तोंडात टाकला. जायफळ बरोबर होतं.

तिघं जिन्यापाशी आली. या जिन्यापाशी हेस्टर वेंडलच्या अंत्यविधीनंतर आली नव्हती. कठडा होता तसाच, पिढ्यांच्या हातांनी काळाभोर झालेला. डोरीन बोलत बोलत दोन पायऱ्या चढली आणि पाटीवरचीच गोष्ट सांगू लागली, अधिकारी, लाल कोट, रिकामं घर. बोलताना तिचा उजवा हात कठड्यावर होता आणि अंगठा त्या घावात. तो अंगठा तिथं नेमका बसत होता. घावाच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि आतलं लाकूड चकाकत होतं. पाहुण्यांच्या चार बोटांनी चार वर्षांत लाकूड असं होत नाही. रोज वर जाताना, रोज खाली येताना, तिथं कुणीतरी हात ठेवत आलं होतं.

हेस्टरनं नजर काढून घेतली.

"मिसेस कॉब," पेल्की म्हणाला, "तुमचा जन्म इथलाच. ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीत?"

आता बोलायचं होतं. वाक्य सकाळपासून तयार होतं. पण समोर एकाएकी आजोबांचा काळा झालेला अंगठा आला, आणि पांघरुणाखाली डोळे मिटून पडलेला वेंडल. त्याला आता कोण मारणार होतं? वडील गेले, आजोबा गेले, तो स्वतः गेला. तरी तिला वाटलं, आपण तोंड उघडलं की जिन्यावर वडिलांची पावलं वाजतील. आणि मग चुगली कुणी केली? ताईनं.

"ऐकली ना," हेस्टर म्हणाली. "आमचे आजोबा सांगायचे. अगदी असंच."

पेल्कीनं लिहून घेतलं. मग मान वाकडी करून तो घावाकडे बघू लागला, हवेत एकदा उजव्या हातानं वार करून पाहिला, एकदा डाव्या.

"गंमत आहे," तो म्हणाला. "घाव उलट्या बाजूनं उतरलाय. उजव्या हातानं असा बसणार नाही. म्हणजे तो अधिकारी..."

"डावखुरा होता," हेस्टर म्हणाली.

"डावखुरा होता," डोरीन म्हणाली.

दोघींचे शब्द एकाच वेळी पडले. पेल्की खूश झाला. हे पाटीवर घालता आलं तर बघतो, म्हणाला. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

तो बूट घालून गेला. त्याची गाडी चिखलातून घरघरत वळली आणि आवाज दूर गेला, तरी त्या दोघी जिन्यापाशीच उभ्या होत्या.

"तुला सांगितलं होतं त्यानं," हेस्टर म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून वाईट आला.

"लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात."

"पहिल्याच!" हेस्टर खालच्या पायरीवर बसली. घर दिलं, चांदी दिली, आणि हेही देऊन टाकलं. तेही लगेच, लग्नाचा केक शिळा व्हायच्या आत. इतकी वर्षं ती जे कडीकुलपात जपत होती, ते या बाईला पहिल्या थंडीतच मिळालं होतं. पाटीनं कधी झाली नव्हती एवढी जळजळ तिला त्या क्षणी झाली. "आणि माहीत असून तू लोकांना तलवार सांगतेस?"

"मग काय सांगू? आमचा डेनिस बॉस्टनला. मी डोळे मिटले की तो हे घर विकणार. घेणारा माणूस पहिलं काय करील? कठडा बदलील. नाहीतर पुट्टी भरून बुजवील." डोरीननं हात कठड्यावरून काढला आणि परत ठेवला. "सात वर्षांच्या मुलाची कुऱ्हाड कुणी ठेवत नाही, हेस्टर. इंग्रजाची तलवार ठेवतात. दारात पाटी असली की हात लावायची हिंमत होत नाही."

डोनटची साखर हेस्टरच्या चांगल्या स्कर्टवर पडली होती, ती एकेक कण टिपत राहिली.

"मला वाटलं, तू आज गोष्ट मोडणार," डोरीन म्हणाली.

"मोडणारच होते."

"माहितीय. बूट पाहिले मी तुझे."

हेस्टरला हसू आलं, आणि आल्याचा रागही आला. ती उठली.

"एक विचारू?" डोरीन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुऱ्हाड मारली, आजोबांनी काजळी लावली, सगळं सांगितलं त्यानं. पण का मारली, ते नाही. दरवेळी हसायचा. म्हणायचा, ते हेस्टरला विचार, ते तिचं आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू कधी विचारण्यासारखी वागलीस?"

हेस्टर कठड्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. या कठड्यावरून ती घसरत यायची. फ्रॉक गोळा करून, दोन्ही हात सोडून, वरच्या मजल्यावरून थेट खाली, आणि आजोबा टाळ्या वाजवायचे. वेंडलला ते जमत नसे. वर बसला की त्याचे पाय लटपटायचे आणि तो रडत पायऱ्यांनी उतरायचा. एके दिवशी आजोबांनी पाहुण्यांना बोलावून तिला घसरून दाखवायला लावलं. दुसऱ्या सकाळी वेंडलनं कुऱ्हाड आणली आणि कठड्यावर घातली, तिनं परत कधी घसरू नये म्हणून. त्या घावापासून कुणीच परत घसरलं नाही. तिनं मात्र त्यावर त्याला कधी टोचलं नव्हतं, कारण एवढा सुंदर मत्सर तिच्यावर पुन्हा कुणी केला नाही.

तिनं वळून डोरीनकडे पाहिलं. डोरीन वाट बघत होती, ओठ किंचित उघडे, अंगठा घावात दाबलेला. तो चेहरा हेस्टरला ओळखीचा वाटला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेत, बटाटे सोलताना, तो तिला रोज दिसत असे. आपल्या हक्काचं काहीतरी दुसरीकडे आहे आणि आपल्याला ते मिळत नाही, असा चेहरा.

हेस्टरला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. थोडा झाला.

"सांगते," ती म्हणाली. "पण इथे नाही. माझ्याकडे ये."

"इथेच बस ना. कॉफी मी करते."

"तुझ्या घरी फार लोक गोष्टी ऐकतात. ही माझ्या घरी ऐकायची." ती दाराशी पोचली होती. "आणि ते डोनट आण. जायफळ बरोबर पडलंय."

रस्ता ओलांडून ती घरी आली, चांगले बूट चिखलानं भरले होते. तिनं कॉफी चुलीवर चढवली, टेबलावरचे बटाटे बाजूला केले, दोन कप मांडले. मर्ल खोपटातून पाकाचं भांडं घेऊन आला आणि दोन कप बघून त्यानं भुवया उंचावल्या आणि या वेळी शहाण्यासारखा भांडं ठेवून परत खोपटाकडे गेला.

खिडकीतून रस्ता दिसत होता. डोरीन डोनटची ताटली फडक्यानं झाकून सावकाश ओलांडत होती, चिखल चुकवत. पाटीच्या रिकाम्या खांबापाशी ती दम खायला थांबली. हेस्टरनं हातातलं फडकं ठेवलं आणि बघत राहिली. चार वर्षांत त्या जागी तिच्या घराकडे तोंड करून उभं राहिलेलं ते पहिलंच माणूस होतं.